गाईचा घास काढणारं मशीन

कापूस वेचताना कमरेच्या ओटीत बोंडामागून बोंड पडत जातं आणि आपल्याला पत्ता नसतो. तासाभरानं कंबर वाकली की कळतं, अरे, ओटी तर भरली! आमच्या शेडातले किस्से असेच साचले. सांगायला म्हणून कोणी जमवले नव्हते. आता ओझं झालंय, म्हणून एकदा ओटी मोकळी करते.

मी शाळेची पायरी चढले नाही. मी बोलते, माझी नात प्रणाली लिहिते. ती माझ्या 'मले'चं 'मला' करते, करू द्या. पण माणसं जे बोलली त्याला हात लावायचा नाही, असं तिला बजावून ठेवलंय.

*

शेड म्हणजे नेरच्या रस्त्यावरचं एका जिनिंगचं जुनं गोदाम. अजूनही कोपऱ्यात झाडू मारला की कापसाचा पुंजका निघतो. प्रणालीनं पुण्याची नोकरी सोडली आणि हे गोदाम भाड्यानं घेतलं. सोबत कॉलेजातला फैजान. तो यवतमाळच्या कल्हईवाल्याचा मुलगा, लोखंड त्याचं ऐकतं. दोघं मिळून स्वयंपाकाचं मशीन बनवत होते. एक मोठी कढई, तिच्यावर लोखंडी हात, हातात उलथनं, बाजूला मीठ-मसाल्याचे आठ डबे आणि वर कॅमेरा. मेस, कँटीन, जिथं शेकडो माणसं जेवतात, तिथली आगीपुढची कामं या मशीननं करायची.

मी पाहुणी म्हणून बघायला गेले होते. त्या दिवशी मशीननं पहिल्यांदा वांग्याची भाजी केली. सगळे माना खाली घालून जेवत होते. मी एक घास तोंडात टाकला.

"प्रणाले, हे वांगं आहे का साखरपुड्याचा पेढा? गूळ कायले टाकला वं?"

"आजी, रेसिपीत होता. फोनवर पाह्यली."

"ज्याची रेसिपी आहे त्यालेच बोलाव मग जेवाले!"

फैजाननं ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, "दादी, कल से ड्यूटी पे आ जाओ."

मला वाटलं, पोरगा गंमत करून राह्यला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दारात हॉर्न! बघते तर फैजान गाडीवर बसलेला, आणि हातात दुसरं हेल्मेट. माझ्या मापाचं!

*

ड्यूटीच्या पहिल्याच दिवशी भांडण झालं.

"आजी, मीठ किती टाकायचं?"

"लागंल तितकं."

"लागंल तितकं मशीनले कसं सांगू? ग्रॅममंदी सांग."

"माह्या हाताले ग्रॅम समजत नाही. तुह्या काट्याले समजते ना? मग ठेव काटा हाताखाली."

ठेवला. त्यावर एक वाटी ठेवली. मी अर्धी मूठ मीठ टाकलं. प्रणालीनं वाचलं, "बेचाळीस ग्रॅम." वाटी रिकामी केली, परत टाकलं. बेचाळीस. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा टाकलं. एकेचाळीस!

फैजाननं टाळी वाजवली. "पकडा गया दादी का हाथ!"

मी हाताकडे बघितलं नाही. मागं बघितलं. "पंखा कोनं लावला?"

गरम होत होतं म्हणून दुसऱ्या वाटीनंतर फैजाननंच लावला होता. बंद केला. परत अर्धी मूठ टाकली. बेचाळीस!

तेव्हापासून शेडाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं आहे: 'काटा चालू असेल तर पंखा बंद.' आणि माझ्या हातावर परत कोणी शंका घेतली नाही. एवढी इज्जत मला सासरी साठ वर्षांत मिळाली नव्हती!

*

कॅमेऱ्याला कांदा ओळखायला शिकवलं होतं. पांढरा दिसला की हलवत राहायचं, लालसर झाला की मसाला टाकायचा. सकाळी केलेली भाजी झकास व्हायची. पण तीच भाजी दुपारी केली की कांदा कच्चा. सकाळी बरोबर, दुपारी कच्चा, तीन दिवस हेच!

प्रणाली लॅपटॉपला चिकटून बसली. जेवायलाही उठेना. "प्रोग्रॅममंदी कुठंतरी चूक आहे आजी."

मला प्रोग्रॅम कळत नाही. मी आपली एक पोतं अंथरून कढईजवळ बसले आणि कांद्याकडे बघत राहिले. वरच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, बाराच्या सुमाराला त्यातून उन्हाची सरळ रेघ आली आणि थेट कढईत पडली. पांढरा कांदा डोळ्यांदेखत सोन्यासारखा दिसायला लागला. मशीननं लगेच मसाला ओतला. त्या बिचाऱ्याची काय चूक!

"प्रणाले, लॅपटॉप ठेव. शिडी आण."

फैजान वर चढला, डांबराचा गोळा लावून आला. पाच मिनिटांचं काम.

दोघं रोजच्या कामाची नोंद ठेवतात. त्या दिवशी प्रणालीनं काय लिहिलं ते तिनंच मला वाचून दाखवलं: 'सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त. छतावर चढून.'

*

माझा मुलगा नारायण, म्हणजे प्रणालीचा बाप, कापसाच्या पऱ्हाटीत आणि तुरीत रमणारा माणूस. बोलणं कमी. वर्ष होऊन गेलं तरी एक मशीन कुठं लागलं नव्हतं. पुण्याची जुनी कंपनी प्रणालीला परत बोलावत होती. एक दिवस नारायण सकाळीच शेडावर आला. पाणी दिलं तर प्याला नाही.

"बॅग भर. पुन्याले जागा धरून बसले आहेत ते लोक. इथं एक गिऱ्हाईक नाही तुह्याजवळ."

कढईत पन्नास माणसांचं बेसन, म्हणजे पिठलं, शिजत होतं, पोरगी तिकडेच बघत राहिली. आणि तेवढ्यात लाइन गेली! मशीनचा हात जिथल्या तिथं थांबला.

बेसनाला थांबलेलं चालत नाही. गुठळ्या होतात, बुड लागतं. मी पदर खोचून उठले. नारायण म्हणाला, "तू बस माय, तुहं मनगट कुठं धड आहे," आणि त्यानं स्वतःच उलथनं धरलं.

पाच मिनिटांत बाही वर गेली. दहा मिनिटांत सदरा ओला झाला.

"अजून किती वेळ?"

"घोटत राह्य. सोडलं का लागते."

"रोज कोन करते हे?"

"मशीन."

"आन मशीनच्या आधी?"

मी उजवा हात त्याच्यापुढं धरला. सोंगणीच्या दिवसांत तीस-तीस मजुरांचं रांधून ते मनगट असं झालंय की आता भाकर थापताना पूर्ण वळत नाही. नारायणनं लहानपणापासून तो हात पाहिला होता. पण त्या दिवशी जरा जास्त वेळ पाहिला.

लाइन येईपर्यंत तो घोटत राहिला. मग उलथनं ठेवलं, दोन पेले पाणी प्याला आणि पोरीकडे न बघता म्हणाला, "दिवाळीपर्यंत. एक गिऱ्हाईक आन. नाही तर शेड खाली करायचं आन पुन्याले जायचं."

दारापर्यंत जाऊन परत वळला. आम्हाला वाटलं, आता आणखी काय!

"फैजान, याले आधी इन्व्हर्टर लाव बाप्पा!"

*

नागपूरहून एक मोठे साहेब आले. नव्या धंद्यात पैसा लावणारे. सगळं मशीन फिरून-फिरून बघितलं, फोटो काढले, आणि मग मिठाच्या डब्यावर बोट ठेवून विचारलं, "चव ओळखायचं यंत्र कुठं आहे? मशीन चाखत नाही, तर मीठ बरोबर पडलं हे कळणार कसं?"

प्रणाली गडबडली. मी कोपऱ्यात तूर निवडत होते.

"साहेब, मी बी चाखत नाही."

"म्हणजे?"

मग त्यांना सांगितलं. आमच्या घरची रीत आहे. रांधणारीनं पहिली पंगत उठल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही. आधी गाईचा घास काढायचा, मग पंगत, मग आपण. सासूनं लावलेली सवय. वासावर कळतं, रंगावर कळतं, उकळीच्या आवाजावर कळतं.

"साठ वर्षं न चाखता रांधलं साहेब. भाजी एकदाच खारट झाली. सासरे वारले त्या साली, तेराव्याले."

साहेब जेवायला बसले. तीन भाकरी खाल्ल्या, भाजी दोनदा घेतली. हात धुऊन म्हणाले, "आजी, चव एक नंबर! पण चव ओळखायचं यंत्र पाहिजेच. मी फोन करतो."

अजून करून राह्यले असतील!

*

हात कसा हलवायचा हे मशीनला शिकवायचं होतं. प्रणालीनं माझ्या मनगटाला एक पट्टा बांधला, समोर कॅमेरा लावला आणि म्हणाली, "आजी, घरी करतं तशीच भाजी कर. मशीन पाहून पाहून शिकंल."

आठ दिवस मी भाज्या केल्या. नवव्या दिवशी मशीननं केली. काय सांगू, माझंच मनगट! पण चांगलं असतानाचं. बुडातून वर, कडेनं आत. भाजी झाल्यावर उलथनं कढईच्या काठावर दोनदा ठक-ठक आपटलं, तेही माझंच. मी हसले.

मग मशीननं त्याच उलथन्यावर डावभर भाजी उचलली, उजवीकडे नेली आणि सोडून दिली. गरम भाजी फैजानच्या बुटावर!

"दादी! ये जूते को काहे खिला रहा है?"

गाईचा घास! मी रोज पहिला डाव उजवीकडच्या वाटीत काढत होते. मशीननं तेही उचललं. वाटी मात्र कोणी ठेवली नव्हती.

प्रणाली म्हणाली, "आजी, हे काढून टाकते. दर घाण्याले सात सेकंद जातात."

"काढ. आन मले बी घरी सोडून दे."

"अवं आजी, मशीनले काय गाय समजते?"

"तुले तरी पाच वर्षांची असताना कुठं समजत होती? शिकली ना?"

फैजाननं मध्ये पडून वाद मिटवला. बुटाच्या जागी लोखंडाची एक कडी वेल्ड केली, त्यात स्टीलची वाटी बसवली. तेव्हापासून मशीन दर घाण्याला आधी वाटी भरतं, मग कढई रिकामी होते. पलीकडच्या गोठ्यातली गाय पंधरा दिवसांत वेळ ओळखायला लागली. ठक-ठक ऐकू आलं की दारात हजर!

*

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि गिऱ्हाईक नव्हतंच. तेव्हा फैजानचे अब्बा कामाला आले. वणीकडे कोळशाच्या ट्रकवाल्यांचं एक कँटीन आहे, तिथली भांडी ते कल्हईला आणतात. मालक गावंडे साहेब. त्यांच्याकडे आगीपुढं माणूस टिकत नव्हता. टिकला तो एकच, महादेव आचारी, वीस वर्षांपासून.

गावंडे साहेब म्हणाले, "एक दुपार देतो. तीनशे ताटं. तीन घाणे काढा. भाजी पसंत पडली तर मशीन ठेवतो. ताटं परत आली तर तेव्हाच उचलायचं."

टेम्पोत मशीन घालून आम्ही गेलो. इन्व्हर्टरसकट! महादेव दारातच उभा होता, खांद्यावर दुपट्टा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा.

"माये, तुमचं मशीन खर्रा खाते का?"

"नाही खात बाप्पा."

"मंग स्वयंपाक कसा जमन त्याले!"

सगळे हसले. मीही हसले. पण त्याचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले होते, ते बघून माझं हसू अर्ध्यावर राहिलं.

वांगे-आलूची भाजी, पोळी, वरण, भात. बाकी सगळं महादेवचं, भाजी मशीनची. पहिला घाणा झाला. वास बरोबर, रंग बरोबर. ठक-ठक झालं, वाटी भरली आणि मग भाजी मोठ्या पातेल्यात, म्हणजे आमच्या गंजात, ओतली. प्रणालीनं बोट पुढं केलं, तर मी तिच्या हातावर चापट मारली. "पहिली पंगत उठू दे."

तीच माझी चूक झाली.

गंज महादेवनं उचलून वाढायच्या टेबलावर नेला. पहिल्या पंगतीला ड्रायव्हर बसले. पहिल्याच माणसानं घास घेतला आणि बाजूला थुंकला.

"काय साहेब! भाजी आहे का नुसतं मीठ?"

एक ताट सरकलं, दुसरं सरकलं, मग भराभर सरकायला लागली. प्रणालीनं लॅपटॉप उघडला. "साहेब, मीठ बरोबर पडलं आहे. हे पाहा, आकडा पाहा."

"लॅपटॉप जेवाले बसत नाही बाई, ड्रायव्हर बसतात," गावंडे साहेब म्हणाले. "उचला मशीन."

फैजान खाली बसला. प्रणालीनं वायर काढायला हात घातला. मला पुण्याची बॅग दिसायला लागली, आणि त्याच वेळी कडीतली ती वाटी दिसली. भरलेली.

"थांब प्रणाले!"

मी वाटी काढली आणि गावंडे साहेबांपुढं धरली. "साहेब, उचलाचं तर उचलू. पन हे चाखा आधी. हे मशीनच्या हातचं आहे. गंजात पडाच्या आधीचं."

त्यांनी बोटानं थोडं घेतलं. थांबले. परत घेतलं. मग टेबलावरची पोळी ओढली आणि उभ्या-उभ्या सगळी वाटी संपवली.

"याच्यात तर मीठ बरोबर आहे," ते हळू म्हणाले. मग गंजाकडे बघितलं आणि आवाज चढला. "मंग गंजात कोनं टाकलं?"

महादेव दुपट्ट्याला उजवा हात पुसत होता. पुसत होता, पुसतच होता.

मी म्हणाले, "साहेब, ते मांगून पाहू. लोकं उपाशी बसले आहेत. प्रणाले, दुसऱ्या घाण्याले मिठाचा डबा बंद ठेव. दोन्ही घाणे एकमेकात मिसळू." मग वळले. "महादेव, ये इकडे. किती मिसळाचं ते आकड्याले नाही समजणार. तुह्या हाताले समजते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. वाटलं, येत नाही. पण आला. बिनमिठाचा घाणा उतरला, तशी त्यानं भाजी डावानं मोजून-मोजून मिसळली, वाकून वास घेतला, परत दोन डाव टाकले. एकदा बोट तोंडाकडे गेलं होतं त्याचं. माझ्याकडे बघून खाली घेतलं.

पंगत परत बसली. मघाशी थुंकलेला ड्रायव्हर भाजी तीनदा मागून गेला. तिसऱ्या घाण्याची तर कढई पुसून खाल्ली लोकांनी. ताटं परत आली, पण रिकामी!

गावंडे साहेबांनी हात धुतले. "मशीन राहू द्या इथंच. उद्यापासून." मग महादेवकडे न बघता म्हणाले, "आन आता याचं काय करू मी?"

मी तोंड उघडायच्या आधी प्रणाली बोलली. "आमचं मशीन चाखत नाही साहेब. आमची आजी बी चाखत नाही. आज पाह्यलं ना काय झालं? एक चाखणारा तर लागंलच."

गावंडे साहेबांनी मान डोलावली. मग प्रणाली बाहेर गेली आणि बापाला फोन लावला. इतकंच म्हणाली, "बाबा, बॅग माळ्यावर टाकून द्या."

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. टेम्पोकडे जाताना मी कँटीनच्या मागून गेले. तिथं एक तांबडी गाय उभी होती आणि महादेव तिला भाकर चारत होता. मी थांबले.

"बरं झालं बाप्पा. आज तिचा घास साहेबांनीच खाल्ला."

त्याच्या कनवटीला मिठाची अर्धी उरलेली पुडी होती, ती त्यानं सोडली, चिमूटभर भाकरीवर टाकलं आणि गाईपुढं धरलं. गाईनं भाकर खाल्ली, मग त्याचा तळवा चाटत राहिली.

"गाईले मीठ लय आवडते, माये," महादेव म्हणाला.